खेकडा, बरणी आणि येरळेचा काठ



‘खेकडा’ असा विषय आम्ही आयोजकांना कळवला तेव्हा फोनवर पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग हळूच विचारणा झाली, “सर, म्हणजे कर्क राशीवर बोलणार का?” नाही. ओढ्यातल्या, बिळातल्या आणि रश्श्यातल्या खेकड्यावरच बोलणार आहोत. उभी हयात कांट आणि शंकराचार्य शिकवण्यात गेली. आता थोडे चिखलात उतरायला हरकत नाही.

एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. कुठल्याशा प्रदर्शनात निरनिराळ्या प्रांतांचे खेकडे बरण्यांत भरून ठेवलेले असतात. प्रत्येक बरणीला घट्ट झाकण. एकाच बरणीचे तोंड उघडे. पाहुणा विचारतो, यातले खेकडे पळून जात नाहीत का? तिथला माणूस म्हणतो, छे हो, हे मराठी खेकडे आहेत; एक वर चढायला लागला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. सभागृहात हशा. सहकारी संस्थेची वार्षिक सभा असो, उद्योजकांचा मेळावा असो, नाहीतर एखादा परिसंवाद असो, ही गोष्ट सांगणारा एक वक्ता हटकून असतोच. आम्ही ती पहिल्यांदा कॉलेजात ऐकली आणि अगदी अलीकडेही ऐकली. वक्ते बदलले, बरणी तीच.

आता गंमत अशी की ही गोष्ट मराठी नाहीच. फिलिपाइन्समध्ये ‘उताक तालांका’ म्हणतात, म्हणजे खेकड्याचा मेंदू. अर्थ हाच, आणि तिथले लोक ती केवळ आपलीच खोड समजतात. भारतातसुद्धा बरणीवरची चिठ्ठी बदलत असते. दुसऱ्या प्रांतात गेलात तर हेच खेकडे त्या प्रांताचे होतात. स्वतःच्या समाजावर चिडलेल्या कुठल्याही माणसाला ही बरणी भाड्याने मिळते.

पण आमचा मुद्दा निराळा आहे. आपल्या न्यायशास्त्रात दृष्टान्त कशाला म्हणावे याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अट अशी आहे की ज्या गोष्टीबद्दल लौकिक आणि परीक्षक, म्हणजे साधा व्यवहारातला माणूस आणि शास्त्र जाणणारा माणूस, या दोघांचे एकमत असते, तीच गोष्ट दृष्टान्त म्हणून वापरता येते. स्वयंपाकघरातला धूर आणि विस्तव हे उदाहरण चालते, कारण चूल पेटवणारी बाईही ते मान्य करते आणि पंडितही. मग बरणीतल्या खेकड्यांचा दृष्टान्त या कसोटीला लावून बघू या. यातला लौकिक कोण? जो खेकडे धरतो तो. त्याला आजवर कुणी विचारले का, की बाबा रे, तुझे खेकडे उघड्या भांड्यात राहतात का?

म्हणून तासगावला जायचे.

तासगाव म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात, बेदाणा आठवतो, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आणि त्याचे दक्षिणी धाटणीचे गोपूर आठवते. ऋषिपंचमीला इथे रथ निघतो आणि तो दोरांना धरून हजारो माणसे ओढतात. (ओढण्याचाच विषय निघाला आहे म्हणून सांगितले. तासगावकर पाय ओढतात की नाही ते माहीत नाही, रथ मात्र एकजुटीने ओढतात.) १८४८ साली पटवर्धनांची तासगावची शाखा खालसा झाली आणि तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात गेला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. सरकारी कागदावर तालुका इकडून तिकडे गेला. येरळा होती तिथेच राहिली.

येरळा खटाव तालुक्यातल्या डोंगरात उगवते, खानापूर-तासगाव भागातून खाली येते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णेसारखी बारमाही नदी ती नव्हे. पावसाळ्यात लोंढा, आणि पुढे वाळूच्या पोटातून वाहणारे पाणी. वाळूत हातभर खड्डा केला की झरा लागायचा. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला अग्रणी. या दोघींना मिळणारे शेकडो ओढे, ओघळी, विहिरींचे ओलसर काठ. पाऊस बेताचा. आणि खेकड्याला नेमकी अशीच जागा पुरते. वरून कोरडी दिसणारी, आतून ओल धरणारी.

समुद्राच्या खेकड्याची गोष्ट वेगळी. कोकणातली चिंबोरी, मालवणातली कुर्ली ही खाऱ्या पाण्याची मंडळी. त्यांची पिल्ले आधी अळीच्या रूपात पाण्यात तरंगतात आणि रूपे बदलत बदलत खेकडा होतात. आपला ओढ्यातला काळा खेकडा हे सगळे टाळतो. त्याच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो, आणि आई त्या पिल्लांना पोटाखालच्या झडपेत घेऊन हिंडते. नर-मादी ओळखायची खूण तीच: उलटा करून बघायचे, झडप रुंद असली तर मादी, अरुंद असली तर नर. झडपेखाली पिल्ले दिसली तर ती मादी परत पाण्यात सोडायची, असा दंडक आमच्या लहानपणी जाणती माणसे पाळत. कायदा नव्हता, पंचायतीचा ठरावही नव्हता. “लेकुरवाळी हाय, सोड तिला,” एवढेच.

उन्हाळ्यात ओढा आटला की खेकडा पाण्याच्या मागे मागे जमिनीत उतरतो. बीळ तिरपे जाते, कधी पुरुषभर खोल. तळाशी ओल असते, तिथे तो बसून राहतो. रोहिणी-मृगाचा पहिला दणका बसला, ओढ्याला गढूळ पाणी आले, की रात्री सगळे बाहेर. खेकडे धरायचा खरा हंगाम हा. पेरण्या उरकायच्या असतात, घरातल्या कणगीचा तळ दिसू लागलेला असतो, भाजीपाला अजून आलेला नसतो. अशा वेळी ओढा घरपोच कालवण देत होता. ही चैन नव्हती. वर्षाच्या हिशेबातले सगळ्यात अवघड दोन महिने यामुळे निभत. मग श्रावण लागला की बरीच घरे आपोआप थांबत.

धरायच्या तऱ्हा तीन-चार. रात्री बत्ती किंवा टेंभा घेऊन ओढ्याने चालायचे. उजेड पडला की खेकडा जागीच थबकतो, तेवढ्यात मागून पाठीवर दाबून धरायचा. दुसरी तऱ्हा आमिषाची. काठीला दोरी, दोरीला गांडुळांची जुडी नाहीतर कोंबडीचे आतडे किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा. खेकडा नांगीने पकडतो आणि सोडत नाही. हळूहळू ओढत वर घ्यायचा, घाई केली की गेला. तिसरी तऱ्हा बिळात हात घालायची, आणि इथेच विद्या लागते.

बीळ कुणाचे हे बाहेरून ओळखावे लागते. तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या असतील, कडेला पायांचे बारीक ओरखडे असतील, तर आत खेकडा आहे. तोंड गुळगुळीत झाले असेल, माती सुकलेली असेल, जाळे धरलेले असेल, तर हात घालू नये. आत उंदीर असेल, बेडूक असेल, नाहीतर त्यांच्या मागे गेलेला साप असेल. चूक झाली तर नुसते बोट चिमटत नाही, जीव जातो. म्हणून आधी काडी घालून बघायची. खेकडा काडी धरतो, ओढून बघितले की ताण कळतो. मग हात आत घालताना तळवा बिळाच्या वरच्या बाजूला चिकटवून न्यायचा, म्हणजे बोटे त्याच्या पाठीवर येतात, नांग्यांच्या तोंडी जात नाहीत. आणि नांगीत बोट सापडलेच, तर हिसका मारायचा नाही. हात पाण्यात धरून थांबायचे. तो आपणहून सोडतो. हे ज्ञान आहे, मंडळी. यात निरीक्षण आहे, अनुमान आहे, प्रयोग आहे, आणि चुकीची शिक्षा तात्काळ आहे. आमच्या प्रमाणशास्त्राच्या वर्गात याहून चांगले उदाहरण आम्हाला कधी मिळाले नाही.

आता त्या बरणीकडे येऊ. खेकडे धरायला गेलेला माणूस बरोबर काय नेतो? मडके, पत्र्याचा डबा किंवा पाटी. आणि त्यावर फडके बांधतो, नाहीतर वर ओले पोते टाकतो. का? खेकडे पळतात म्हणून! पाटीला विणीचा आधार असतो, त्यावरून तर ते सरळ चढतात. झाकण विसरलेल्या घरात सकाळी चुलीमागे, पोत्यांच्या आड, अंथरुणात खेकडे सापडल्याच्या हकिकती ओढ्याकाठच्या वस्तीवर कुणीही सांगेल. गुळगुळीत मडक्यात मात्र त्यांना चढता येत नाही. तिथे ते एकमेकांना धरतात, कारण खेकडा धडपडताना मिळेल त्याला धरतो, आणि मडक्यात धरण्यासारखे दुसरे काही नसते. ओढ्यात कधी कुणी खेकड्याने खेकड्याचा पाय ओढून त्याला चढू दिले नाही, असे पाहिले आहे का? तिथे दगड असतो, मूळ असते, चिखल असतो. म्हणजे लौकिक म्हणतो, झाकण लागते; परीक्षकही विचार केला तर म्हणेल की दोष भांड्याचा आहे. गौतमाच्या कसोटीवर हा दृष्टान्त पहिल्याच पायरीवर घसरतो. तरी आपण पन्नास वर्षे हसतो आहोत.

या ज्ञानाची नोंद कुणी केली? इंग्रजांनी थोडी केली. बिशप हेबर १८२५ साली मुंबईहून पुण्याकडे आला, तेव्हा दख्खनच्या गवताळ माळावर बिळे करून राहणारे खेकडे बघून तो चकित झाला. ते नांगीने गवत कापतात आणि त्याची पेंढी घेऊन तिरके तिरके बिळाकडे पळतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. त्याने दख्खनचे पक्षी, मासे, धान्ये, माणसे, सगळ्यांच्या याद्या केल्या. दख्खनच्या भूखेकड्यांवरचे त्याचे टिपण १८३६ साली लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात आले आणि वेस्टवूडने त्यात या खेकड्याला ‘क्युनिक्युलॅरिस’ असे जातिनाम दिले. लॅटिनमध्ये ‘क्युनिक्युलस’ म्हणजे ससा, आणि सशाचे भुयारही. आज त्याला बॅरिटेलफ्युसा क्युनिक्युलॅरिस म्हणतात. महाराष्ट्रात सर्रास आढळणाऱ्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांपैकी तो एक. घाटातल्या दुसऱ्या एका खेकड्याला जाकमाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे नाव आहे. तो १८३२ मध्ये मुंबईतच वारला. या नामावळीत बिळात हात घालून साहेबाला खेकडा काढून देणाऱ्याचे नाव अर्थातच नाही. साहेबाने स्वतः हात घातला असेल, असे आम्हाला वाटत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल निदान विचारत तरी होता. लेस्बॉस बेटावर राहून त्याने कोळ्यांकडून माहिती घेतली. खेकड्याची उजवी नांगी बहुधा मोठी आणि जोरकस असते, हे त्याने प्राण्यांवरच्या ग्रंथात नोंदवले आहे. तत्त्वज्ञांपैकी खेकड्याशी एवढी जवळीक दुसऱ्या कुणाची दिसत नाही. सार्त्रने १९३५ मध्ये मेस्कलिन घेऊन पाहिले आणि पुढे बरेच दिवस त्याला आपल्यामागे खेकडे येताहेत असे वाटत राहिले. पण ते रश्श्याचे खेकडे नव्हेत. तो विषय सोडून देऊ.

आपल्याकडे सुश्रुताने खेकड्याची दखल घेतली आहे. सूत्रस्थानात अन्नपानाच्या अध्यायात तो कासव, सुसर यांच्याबरोबर ‘पादिन’ या वर्गात येतो. काळा खेकडा बल देणारा, किंचित उष्ण, वात कमी करणारा. पांढरा खेकडा सांधणारा, म्हणजे मोडलेले जुळवून आणणारा, असे गुण तिथे दिले आहेत. आता आमच्या भागात सर्दी-पडशाला, अंगदुखीला, हाड मोडल्यावर खेकड्याचा रस्सा देतात. या बायकांनी सुश्रुत वाचला नव्हता. मग कुणाकडून कुणाकडे गेले? ग्रंथातून चुलीकडे, की चुलीकडून ग्रंथात? आम्हाला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण सुश्रुताच्या आधीही कुणीतरी हाड मोडून घेतले असेलच आणि ओढाही जवळच असेल.

एक वैद्यकीय गोष्ट सांगून टाकतो, ती पुराणातली नाही. गोड्या पाण्यातला खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाऊ नये. त्यातून फुफ्फुसात जाणारा एक चपटा कृमी माणसाला होतो. खोकल्यातून रक्त पडते आणि क्षय समजून भलतेच उपचार होत राहतात. आपल्याकडे मणिपुरात असे रुग्ण बरेच आढळले. आमच्या आज्या रस्सा तासभर रटरटू देत, त्या चवीसाठी देत असत. पण काम दोन्ही झाले.

आता चूल. जिवंत खेकडे दोन-तीन पाण्यांतून खळबळून घ्यायचे. नांग्या आणि पाय मोडून वेगळे, पाठीचे कवच उचकटून आतले पिसांसारखे कल्ले काढून टाकायचे, पिवळसर गर ठेवायचा. बारीक पायांत खाण्यासारखे काही नसते, म्हणून ते टाकतात असे शहरात वाटते. खरी चव तिथेच. पाय पाट्यावर वरवंट्याने ठेचायचे, पाणी घालून पुन्हा ठेचायचे, आणि फडक्यातून गाळून घ्यायचे. राखाडी रंगाचे दुधासारखे पाणी निघते. रश्श्याचा जीव हे पाणी. कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी आरावर भाजायची, तीळ, धने, लसूण, आले यांच्याबरोबर वाटायचे. तेलात लसूण, मग वाटण, मग उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली कांदा-लसूण चटणी, थोडी हळद. सांगलीची हळद असल्यावर ती थोडीच पुरते. त्यात नांग्या आणि धडे परतायची. काळा खेकडा बघता बघता शेंदरी होतो. हा रंग मसाल्याचा नव्हे. तो कवचात आधीपासून असतो, प्रथिनाला बांधलेला. उष्णतेने बांधणी सुटली की दिसतो. शेवटी ते गाळलेले पाणी घालायचे आणि मंद आचेवर सारखे ढवळायचे. आच वाढली की रस्सा फुटतो, गाठी वर येतात. दाटपणाला फुटाण्याच्या डाळ्याचे पीठ, नाहीतर नुसते ज्वारीचे पीठ. मसाला करायला काही नसेल त्या घरी मीठ, चटणी आणि ज्वारीचे पीठ, बस्स. बरोबर भाकरी. ती कुस्करून खायची.

या एका पातेल्यात इतिहासाचे किती थर आहेत बघा. खेकडा इथला. ज्वारी आफ्रिकेतून फार प्राचीन काळी आलेली. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आलेली. त्याआधी तिखटपणासाठी मिरे, पिंपळी, आले. खोबरे घाटाखालून, आणि म्हणूनच सुके. बैलांच्या पाठीवर घाट चढून येणाऱ्या मालाला ओले राहून चालत नाही. कोकणातल्या बाईचा रस्सा ओल्या नारळाचा आणि कोकमाचा, देशावरच्या बाईचा भाजलेल्या खोबऱ्याचा. दोघींमध्ये सह्याद्री उभा आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या ज्या तांबड्या चटणीला आपण परंपरा म्हणतो, ती या हिशेबाने चार-साडेचारशे वर्षांहून जुनी असू शकत नाही. खेकडा बिचारा सगळ्या मसाल्यांना पुरून उरला.

हे खात कोण होते, हा प्रश्न सभ्य सभेत टाळला जातो. टाळू नये. ओढ्याकाठचे भोई-कोळी, गावकुसाबाहेरची वस्ती, रानात राहणारे, आणि शेतकरीही. शेतकऱ्यांत काही घरे उघड खात, काही घरी चूल वेगळी मांडत, काही रानातच उरकून येत. ‘खेकडे खाणारे’ ही गावात शिवी होऊ शकत असे, आणि शिवी देणारा रात्री ओढ्याला भेटत असे. छापील पाकशास्त्रात याचे काय उमटले? लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मधले. पाठारे प्रभू स्वयंपाकघरातले, म्हणून समुद्राच्या जिनसांना त्यात मानाने जागा आहे. समुद्राच्या खेकड्याला मुंबईमुळे प्रतिष्ठा मिळाली. ओढ्यातल्या खेकड्याला मिळाली नाही. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचे अन्न शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मांडले ते थेट २०१५ साली. मराठीत छापखाना येऊन तोवर दोनशे वर्षे होत आली होती. सातारा-सांगलीकडच्या ओढ्याचे असे पुस्तक अजून व्हायचे आहे. दरम्यान, कांद्याच्या कुरकुरीत भज्यांना, त्यांचे पाय चहूकडे फाकलेले दिसतात म्हणून, आपण सर्वांनी मिळून ‘खेकडा भजी’ असे नाव दिले. ज्या घरात खेकड्याचे नाव काढायची सोय नव्हती त्या घरात त्याची बशी सन्मानाने फिरते.

बरणीच्या गोष्टीतला डंख हा इथे आहे. ती गोष्ट सांगणारा माणूस बहुधा वर पोहोचलेला असतो, आणि ऐकणारे खाली असतात. खाली असण्याचे कारण तो त्यांच्या स्वभावात दाखवतो. मग आम्ही याच तालुक्याकडे बोट दाखवतो. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि तिथे तिरंगा लागला; पुढे याच पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना सगळ्या राज्याला माहीत आहे, पण तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला, ही गोष्ट तासगावातल्या मुलांनासुद्धा सांगावी लागते. १९७२ च्या दुष्काळात त्या विचाराने लाखो माणसांच्या हाताला काम दिले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. येरळेवरच, थोडे वरच्या अंगाला, बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी नदीच्या वाळूचा प्रश्न हाती घेतला, वाळूच्या पैशाचा आधार घेऊन स्वतः बंधारा बांधला. बळीराजा स्मृती धरण ते. आणि पाणी जमिनीच्या हिशेबाने न वाटता भूमिहीनासह सगळ्यांना समान, हा आग्रह धरला. हे सगळे भांडले नाहीत असे नाही, खूप भांडले. पण भिंतीला पकड मिळाल्यावर माणसे वर चढली, एवढे तरी नोंदवायला हवे.

आणि खेकड्यावर दोष ढकलायची आपली सवय किती पक्की आहे, ते २०१९ मध्ये दिसले. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास माणसे गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे कारण सांगितले. विरोधी पक्षाचे लोक मग ठाण्यात खेकडे घेऊन पोलिसांकडे गेले, यांना अटक करा म्हणून. महाराष्ट्र हसला. आता खेकडा बांध पोखरतो, हे खोटे नाही. कोकणातला भातशेतीवाला ते आजोबांपासून जाणतो. म्हणूनच तो पावसाळ्यात रोज सकाळी बांधावरून चक्कर मारतो, पाणी कुठे झिरपते ते बघतो, आणि बीळ दिसले की चिखल-दगड ठासून बुजवतो. खेकडा असणे हे गृहीत धरूनच बांध राखायचा असतो. खेकड्याला कारण म्हणायचे, की रोजची चक्कर बंद झाली तिला? कारण आणि निमित्त यांत फरक करायला आमच्या दर्शनांनी फार कष्ट घेतले आहेत. तिवऱ्यात मेलेल्यांच्या घरच्यांना तो फरक कुठल्याही ग्रंथाशिवाय कळत होता.

आता आजची स्थिती. येरळेची वाळू ट्रकांनी गेली. वाळू गेली की पाणी धरणारे पोट गेले; पावसाचा लोंढा येतो आणि निघून जातो. खेकड्याला उन्हाळा काढायला लागणारी ओल खोल गेली. दुसरीकडे आरफळचा कालवा, ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी कृष्णेचे पाणी तालुक्यात आणले, आणि त्याचे आम्हाला मोल आहे. ज्याने टँकरमागे धावणारी बाई पाहिली तो ओढ्याच्या आठवणीपायी कालव्याला नावे ठेवणार नाही. या पाण्याच्या पाझराने काही ओढे अवेळी ओले राहतात, तिथे खेकडे दिसतातही. पण त्याच ओढ्यांत द्राक्षबागांतले पाणी उतरते. बोरगावच्या बागेतून निघालेल्या ‘तास-ए-गणेश’ द्राक्षाने या तालुक्याचे नशीब बदलले हे खरे. त्याबरोबर फवारणीही आली. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत १८८५ च्या सुमाराला निघाले, ते इथे घरोघरी पोहोचले. विचित्र योग असा की खेकड्याचे रक्त तांब्यावर चालते, आपले लोखंडावर चालते तसे; म्हणून ते निळसर. आणि तेच तांबे पाण्यात जास्त झाले की अशा कवचाच्या प्राण्यांना विष होते. तांब्यावरच हे थांबत नाही. कीटकनाशके तर कीटकांच्या या चुलतभावाला कशी सोडतील?

घाटातल्या खेकड्यांवर आता चांगले संशोधन होत आहे. ‘घाटियाना’ नावाची नवी प्रजाती २०१४ मध्ये वर्णिली गेली, २०१६ मध्ये सह्याद्रीतून आणखी पाच जाती जाहीर झाल्या, रंगीबेरंगी, देखण्या. आनंदाची गोष्ट आहे. आमच्या काळ्या खेकड्याची नोंद साइक्सच्या काळात झाली म्हणून तो जुना झाला, असे मात्र होऊ नये. तासगावच्या कुठल्या ओढ्यात तो अजून आहे, कुठे संपला, कधी संपला, हे कुठल्याही कार्यालयात लिहिलेले सापडणार नाही. ते सत्तरी ओलांडलेल्या काही बायका-माणसांना माहीत आहे. ओढ्यांची नावे, कुठल्या डोहाच्या कुठल्या अंगाला बिळे, कुठल्या नक्षत्राला खेकडा भरलेला आणि कधी पोकळ, अमावास्येचा चांगला की पौर्णिमेचा, यावर त्यांच्यात वादही आहेत. आमच्या शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचा याच मुद्द्यावर तीस वर्षे वाद चालला आणि दोघेही पुरावा म्हणून खेकडेच आणत.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असे कुणी असेल, त्यांनी त्यांच्याजवळ बसून फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावा. प्रश्न साधे विचारा. ओढ्याचे नाव काय, बीळ कसे ओळखायचात, किती खोल, किती सापडायचे, कधीपासून सापडेनासे झाले. मुलाखतीसारखे करू नका, कालवणाचा विषय काढा म्हणजे आपोआप बोलतील. आणि जे सांगतील त्यात गावाचे आणि ओढ्याचे नाव नीट उच्चारून घ्या, नाहीतर नंतर कळत नाही.

एवढे बोलून थांबतो. अर्धा तास हातात आहे, प्रश्न घेऊ. पाककृतीवरचे प्रश्न शेवटी घेऊ, नाहीतर बाकीच्यांना वेळ उरणार नाही.